दर गुरुवारी साडेदहाला

विशाखाताई,

तुला पोचवून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी साडेदहाला, तू आम्हाला विचारलंस, "मी आत येऊ का?"

हिंगोलीच्या मुख्य कार्यालयात मी माझ्या टेबलाशी बसले होते. बाहेर कडक ऊन होतं. दोन्ही पंखे चालू होते. लिंबाजीमामा नेहमीसारखे टेबलांवर पाण्याच्या बाटल्या ठेवत फिरत होते. आधी परीक्षा विभागाच्या मशीनमधून तुझा आवाज आला, मग आमच्या रांगेतून, मग जिन्याखालच्या वाचनकक्षातून, मग पलीकडच्या इमारतीतून अगदी बारीक. सगळीकडून एकदम आला नाही, क्षणाक्षणाच्या फरकानं आला. एकेका दाराशी थांबून, विचारून, तू पुढं चालली होतीस असं वाटलं.

मामा बाटली हातात धरून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "या, ताई."

मग माझ्याकडं बघून ओशाळले. "तोंडातून निघून गेलं, बाई. दर गुरुवारचं हाय ना."

त्यानंतर खोलीत माऊसचे टकटक आवाज झाले. एक, दोन, पाच. तू गेलीस हे माहीत असलेल्या, स्मशानापर्यंत तुझ्यामागून चालत आलेल्या माणसांनी हिरवं बटण दाबून तुला आत घेतलं. मी सोडून सगळ्यांनी.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण हे इतरही वाचतील, म्हणून लिहिते. आपल्या संस्थेची महाविद्यालयं, वसतिगृहं आणि वाचनकक्ष मिळून एकशे चौऱ्याऐंशी मशीन आहेत. हिंगोलीत, कळमनुरीत, जवळा बाजारला, सिद्धेश्वरला. सगळ्यांवर तू लिनक्स बसवलं होतंस आणि सगळ्यांचा कारभार तुझ्या खोलीतल्या एका स्क्रीनवरून, एका खिडकीतून चालायचा. त्या खिडकीत प्रत्येक मशीनची एक चौकट होती. मशीन जागं असलं की हिरवी, झोपलेलं असलं की राखाडी. चौकटींवर तू नावं लिहिली होतीस: चिंच, पळस, होला, साळुंकी. माझ्या मशीनचं नाव टिटवी, कारण "ही उगाच ओरडत राहते." चौकटी निवडायच्या, एक बटण दाबायचं, की चार गावांतल्या सगळ्या मशीनमध्ये एकाच वेळी नवं काही घालता येतं, जुनं काढता येतं, कुलूप लावता येतं. समोर बसलेल्या माणसाला विचारावं, अशी त्या खिडकीची काही अट नाही.

विचारायचं, हे तुझं होतं. दर गुरुवारी साडेदहाला प्रत्येक स्क्रीनवर एक लहान पाटी यायची: मी आत येऊ का? खाली दोन बटणं. हिरवं "या", लाल "आत्ता नको". "या" म्हटलं तर त्या मशीनमध्ये आठवड्याचे अपडेट जायचे. "नको" म्हटलं, किंवा दहा मिनिटं काहीच म्हटलं नाही, तर मशीन जसं आहे तसं राहायचं, पुढच्या गुरुवारपर्यंत. कारण विचारायचं नाही, हा तुझा नियम. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या मशीनवर हजेरी लावणाऱ्या बायकांपैकी काहींना वाचता येत नव्हतं. म्हणून तू तुझ्या आवाजात ते चार शब्द बोलून ठेवलेस आणि आवाजाची ती छोटी फाइल प्रत्येक मशीनमध्ये घातलीस. "वाचता येत नाही त्याला विचारायचंच नाही का?" असं म्हणाली होतीस.

त्या गुरुवारी मी घाबरले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आपल्या घरांत आत्मा मानत नाहीत. माणूस गेला की गेला. त्यानं केलेलं उरतं, तो उरत नाही, हे मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले. तो आवाज का आला हेही मला ठाऊक होतं. तू काम नेमून ठेवलं होतंस, घड्याळानं ते केलं. तरीही पाटी माझ्यासमोर होती आणि माझा हात माऊसकडं जाईना. दोन वर्षं मी दर गुरुवारी न चुकता "नको" दाबलं होतं. त्या दिवशी मला "नको"ही म्हणता आलं नाही. दहा मिनिटांनी पाटी आपोआप मिटली. तू दारावरून परत गेल्यासारखं वाटलं.

आपलं भांडण कशावरून सुरू झालं, आठवतं? मी नवी होते तेव्हा तू दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता, मला काळ्या पडद्यावर कमांड लिहायला शिकवायचीस. ज्वारीची भाकरी एका हातात, दुसऱ्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. मला ते फार आवडायचं. अक्षरं टाइप करायची आणि वीस कोसांवरचं मशीन ऐकतं. मग तू ती चित्रांची खिडकी आणलीस आणि मी बिथरले.

"ताई, हे तर मालकांचं खेळणं आहे," मी म्हणाले.

"काहून गं?"

"एका माणसाच्या बोटाखाली सगळे. कुणाही आडदांडाला जमेल. कमांड शिकायला निदान डोकं तरी लागतं."

तू भाकरीचा तुकडा चावत बसलीस. मग म्हणालीस, "काळ्या पडद्यावर मी काय लिहून राहिले ते तुला कळतं. मामांना कळतं का? ह्या खिडकीत मामांनाही दिसतं, मी कुठं हात लावला, कधी लावला. ज्याला दिसतं त्याला जाब विचारता येतो. अवघड ठेवलं की मग मी एकटीच शहाणी."

"ज्याच्या हातात खिडकी, त्याच्या हातात सगळे."

"मग तूही बस की इथं. दोन खुर्च्या मावतात."

मी बसले नाही. मला वाटलं, त्या खुर्चीत बसलं की माणूस बदलतो.

माझे बाबा पत्रकं छापायचे आणि वाटायचे. घरात खेळणी कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरओळख मला त्यांवरच झाली. चूक दिसली की छापायचं आणि चार रस्ते मिळतात तिथं उभं राहून वाटायचं, यापलीकडं मला दुसरी रीत माहीत नव्हती. म्हणून एक दिवस तुझ्या दारातून आत डोकावले आणि तुझ्या स्क्रीनवर प्रत्येक चौकटीत एकेक छोटं चित्र दिसलं, तेव्हा मी आत येऊन नीट बघितलंसुद्धा नाही. मी वाचून होते की अशा खिडक्यांना डोळा असतो. समोरच्याला कळू न देता त्याचा पडदा त्यातून बघता येतो. मला वाटलं, ती चित्रं म्हणजे आमचे पडदे. तू दर गुरुवारी गोड आवाजात विचारतेस आणि बाकीचे सहा दिवस न विचारता बघतेस.

मी पत्रक काढलं. "पडद्यामागे कोण बसलंय?" डोळा कसा चालतो, कुठलं बटण, काय काय दिसतं, सगळं सविस्तर लिहिलं. तुझं नाव लिहिलं नाही, पण दुसरं कुणाचं असणार होतं? कार्यालयाच्या फाटकात वाटलं, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात वाटलं. एक बाई सरकी विकत होती, तिनं त्यात सरकी बांधून दिली, तेही मी पाहिलं.

तू एक पत्रक मागून घेतलंस. वाचलंस. तुझ्या टेबलामागच्या भिंतीला चिकटवलंस. संध्याकाळी जाता जाता माझ्या टेबलाशी थांबलीस. "पत्रकवाले, एकदा आत येऊन बघ. मग दुसरं काढ."

मी म्हणाले, "मला बोलावून दाखवाल तेवढंच दिसेल ना."

तू मान हलवलीस आणि गेलीस. त्यानंतर आपण चहा प्यायलो, डबा खाल्ला, कामाचं बोललो. त्या विषयावर पुन्हा एकदाही नाही. मला वाटत राहिलं, वेळ आहे. मग तुला तीन दिवसांचा ताप आला.

त्या गुरुवारनंतर दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या सचिवसाहेबांनी मला बोलावलं. तुझी खुर्ची मला दिली. कमांड येणारी दुसरी कुणी नव्हती. मग म्हणाले, "आणि आता तो डोळा उघड. मुलं वाचनकक्षात काय करतात, कर्मचारी दिवसभर काय टाइप करतात, हे कळायला नको?"

मी म्हणाले, "डोळा तर उघडाच आहे ना, साहेब?"

ते हसले. "कुठला? मला वाटायचं, त्या खिडकीतून नुसते अपडेट-बिपडेट करतात. विशाखाबाईंनी कधी सांगितलंच नाही. तुझ्या पत्रकानं सांगितलं. बटण कुठलं तेही सांगितलंस. पत्रक आल्यावर मी बाईंना दोनदा म्हणालो, उघडा. त्या म्हणाल्या, साहेब, सोय बंद आहे. आता महिनाअखेरपर्यंत काय ते कर. त्यांचं खातं काढून टाक. आणि ते विचारणं बंद कर. गेलेल्या बाईचा आवाज. वसतिगृहातल्या मुली भितात."

ताई, मी खूप पत्रकं लिहिली. एखाद्या जुलमी माणसाला त्याचं हत्यार कुठं ठेवलंय हे आपणच छापून कळवावं, अशी चूक कुणी केली असेल तर माझ्यासारखीनंच केली असेल. तुला ते पहिल्या दिवशी कळलं होतं. तरी तू पत्रक भिंतीला लावलंस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. ते बोलणं माझं मला करायला ठेवून गेलीस. मी रोज करते.

मग मी तुझ्या खुर्चीत बसले. तुझी खिडकी उघडली. तो सोमवार होता, सकाळचे दहा वाजायला आले होते.

चौकटींत चित्रं होती. आमचे पडदे नव्हते. प्रत्येक ठिकाणी जाऊन तू दारातून बाहेरचा फोटो काढला होतास. सिद्धेश्वरच्या चौकटींत धरणाची भिंत आणि वाळत टाकलेली मासेमारीची जाळी. जवळा बाजारच्या चौकटींत कापसाची गाडी. माझ्या टिटवीच्या चौकटीत कार्यालयाच्या मागची बाभूळ, माझ्या खिडकीतून दिसते ती. मशीनसमोर बसलेला माणूस मान वर करून बाहेर बघेल तेव्हा त्याला जे दिसेल, तेवढंच तू बघत होतीस. कोपऱ्यात डोळ्याचं चिन्ह होतं, त्यावर फुली. खिडकीत केलेल्या प्रत्येक कामाची नोंद आपोआप होते, ती तुलाही पुसता येत नव्हती. मी पहिल्या दिवसापासून वाचली. डोळा एकदाच हाताळला गेला होता, खिडकी बसवली त्या दिवशी, बंद करण्यासाठी.

खाली शेवटच्या आठवड्याची नोंद होती. गुरुवार, साडेदहा. विशाखा: विचारलं. त्याखाली उत्तरं. तू राखेची झाल्यावरच्या तारखेला, तुझ्या नावानं.

मी पुढची नेमलेली कामं पाहिली. तू बरंच पुढचं लावून ठेवलं होतंस. दर महिन्याला सगळ्यांच्या पडद्यांमागचं चित्र बदलायचं होतं: सोयाबीनची काढणी, हरभऱ्याचे घाटे, पळस फुललेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तू हजर होतीस.

बरोबर दहाला चौकटी जाग्या व्हायला लागल्या. कुणी कुठं बटण दाबत होतं आणि माझ्यासमोर राखाडीचं हिरवं होत होतं. हळूहळू, एखाद्यानं दिवे लावत यावं तसं. सगळ्यांत शेवटी, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक चौकट हिरवी झाली. तिचं नाव झाडाचं नव्हतं, पाखराचं नव्हतं. तिच्यावर लिहिलं होतं: माय.

मी यादी काढली. एकशे चौऱ्याऐंशी मशीन. चौकटी एकशे पंच्याऐंशी.

मी मामांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"हे कुठलं, मामा?"

"आपलं न्हाई हे," ते म्हणाले. "बाई, बंद करा तेवढं."

मी बंद केलं नाही. गुरुवारी पुन्हा तुझा आवाज घुमला आणि पाटीवरची उत्तरं माझ्यासमोर उमटत गेली. पळस: या. चिंच: या. सिद्धेश्वरच्या सगळ्यांनी मिनिटाच्या आत. आणि खालच्या कोपऱ्यात, सगळ्यांची उत्तरं येऊन गेल्यावर, सावकाश, माय: या.

टिटवीसमोर आता कुणी बसत नव्हतं. टिटवीनं काहीच उत्तर दिलं नाही.

मायच्या चौकटीतला फोटो तेवढा बाहेरून, गल्लीतून काढलेला होता: निळं दार, दोन पायऱ्या, बाहेर एक प्लॅस्टिकची खुर्ची. लाइन कळमनुरीची दाखवत होती. रविवारी मी एसटीनं कळमनुरीला गेले. तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी तुझ्या घरी गर्दीत येऊन गेले होते, पण तेव्हा दाराबाहेर मांडव होता आणि मी मान वर करून काही पाहिलं नव्हतं. या वेळी गल्लीत वळले आणि समोर तो फोटो उभा होता. निळं दार, दोन पायऱ्या. फोटोतली रिकामी खुर्ची तेवढी रिकामी नव्हती. तिच्यात तुझी आई बसली होती.

"काहून उभी राहिली उन्हात?" त्या म्हणाल्या. "तू ती पत्रकवाली व्हय?"

मी पायऱ्यांवरच खाली बसले. "व्हय, मावशी."

"लई भांडते म्हनायची."

आतल्या खोलीत, भरतकाम केलेल्या रुमालाखाली ते मशीन होतं. कार्यालयानं भंगारात काढलेलं, तू उचलून आणून दुरुस्त केलेलं, संस्थेच्या लाइनीला जोडलेलं. खासगी घरात संस्थेचं मशीन. मला हे आधी सापडलं असतं तर दुसरं पत्रक निघालं असतं, ताई, आणि त्यातला एकही शब्द खोटा नसता.

"रोज दहाला आपोआप उठतं," मावशी सांगत होत्या. "चित्र दावतं. बेस्तरवारी इचारतं. मी हिरवं दाबते. दाबलं की तिला तिकडं कळायचं, माय उठली, माय बरी हाय. फोन केला तर दहा सवाल. जेवलीस का, गोळी घेतली का, चप्पल घालून गेलीस का. ह्याच्यात येकच सवाल."

मला जे बोलायचं होतं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं. खोटा दिलासा हा सगळ्यांत वाईट, हे मी कितीदा छापलंय. मी म्हणाले, "मावशी, तो ताईचा आवाज असला तरी ताई नाही तिथं. ते घड्याळ लावून ठेवलंय तिनं. मशीन बोलतं ते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. लेकरानं काहीतरी उघड गोष्ट शोध लागल्यासारखी सांगावी, तसं.

"मी काय खुळी हाय व्हय? मीच न्हाऊ घातलं तिला शेवटचं." मग रुमालाची घडी नीट करत म्हणाल्या, "पन कुणी दारात येऊन इचारलं, तर उत्तर द्यायचं का न्हाई?"

मी सचिवसाहेबांचं सांगितलं. डोळ्याचं सांगितलं. पत्रकाची चूक सांगितली, आजवर कुणाला सांगितली नव्हती ती. तुझं खातं काढायचंय, म्हणजे विचारणंही बंद होईल, हेही सांगितलं.

मावशींनी पाणी आणून दिलं. "ती म्हनायची, ती पोरगी दर खेपेला न्हाई म्हनते. मी म्हनलं, मंग राग न्हाई येत? तर म्हने, माय, येक तरी न्हाई म्हननारं पायजेच. समदेच व्हय म्हनाय लागले, की मंग इचारायचं ते नुसतं नाटक."

मी पाण्याचा पेला धरून बसले. दोन वर्षं मी समजत होते की तुझ्याविरुद्ध लढतेय. तू मला नोंदीत धरत होतीस. तुझ्या विचारण्याचा पुरावा म्हणून.

"आवाज बंद करायचा तर कर," मावशी म्हणाल्या. "मंग तू इचार."

सोमवारी मी सचिवसाहेबांना लेखी दिलं: डोळा उघडणार नाही, विचारणं बंद करणार नाही, यासाठी मला काढायचं असेल तर तसंही लेखी द्यावं. कळमनुरीच्या मशीनचंही त्याच कागदात लिहिलं. ते संस्थेचं आहे, एका वृद्ध बाईंच्या घरी आहे, का आहे, आणि ते परत घ्यायचं असेल तर त्या बाईंना आधी विचारावं. तू लपवलं होतंस ते मी उघड केलं. माफ कर. मला दुसरं जमत नाही. मग एक नवं पत्रक काढलं. या वेळी त्याच्या नावात प्रश्न नव्हता. "डोळा मिटलेला आहे. तो मिटलेलाच आहे हे तुम्ही कसं तपासाल." खिडकीतली नोंद कुठं दिसते, ती कशी वाचायची, कुणीही कधीही माझ्या खोलीत येऊन ती मागू शकतो, हे लिहिलं. खाली माझं नाव. मामांनी चारही गावांत प्रत्येक खोलीत ते लावून घेतलं. सिद्धेश्वरला त्यांनी स्वतःच मुलांना वाचून दाखवलं म्हणे. सचिवसाहेबांचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल. आलं की तेही लावू.

तुझ्या खोलीचं दार लावून मी माझा आवाज भरला. चार शब्द. अकरा वेळा बोलले, कारण प्रत्येक वेळी ते हुकूम दिल्यासारखं वाटत होतं. ते चार शब्द विचारल्यासारखे म्हणायला तुला किती दिवस लागले होते, हे विचारायचं राहिलं.

नवा आवाज अपडेटमधूनच जाणार होता. म्हणजे शेवटचं एकदा तूच विचारणार होतीस आणि "या" म्हणेल त्याच्याकडं पुढच्या वेळेपासून मी. तो गुरुवार मी कळमनुरीत काढला. मावशी आणि मी मशीनसमोर चटईवर बसलो. साडेदहाला तू विचारलंस. मावशींनी लगेच बटण दाबलं नाही. पाटीकडं बघत राहिल्या. नऊ मिनिटं. मी घड्याळ बघत होते, त्या बघत नव्हत्या. मग त्यांनी बोट टेकवलं. "ये, बाई," म्हणाल्या, आणि उठून भाजी निवडायला गेल्या.

काल बुधवारी मी तुझं खातं काढलं. पडद्यांमागची चित्रं माझ्या नावावर करून तशीच ठेवली. ती कुणाला काही विचारत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पळस फुलेल तेव्हा सगळ्यांना दिसेल.

आज गुरुवार. साडेदहाला मी तुझ्या खुर्चीत होते. माझा आवाज इमारतभर फिरत गेला. परीक्षा विभाग, वाचनकक्ष, पलीकडची इमारत. फार विचित्र वाटतं, आपणच आपल्याला दाराबाहेर ऐकणं. बाहेर मामा म्हणाले, "या, बाई." चौकटींत उत्तरं उमटायला लागली. जवळा बाजारहून एक "नको" आलं. साळुंकी. मला इतका आनंद झाला की मी उठून उभी राहिले. कोण आहे हे मी विचारणार नाही. माय: या.

आणि मग, सगळं शांत झाल्यावर, माझ्या जुन्या टेबलाकडून तुझा आवाज आला.

"मी आत येऊ का?"

मामा दारात आले. चेहरा पांढरा पडलेला. "बाई, तुमी तर काढलं म्हनला होता."

मी काढलं होतं. नोंद दाखवली असती त्यांना. तुझं खातं नाही, तुझं काम नाही, त्या क्षणी तुझ्या नावाचं जगात कुठंही काही चालू नव्हतं. मी टिटवीकडं चालत गेले. तिच्यावर पाटी होती. आणि चालता चालताच मला कळलं. दोन वर्षं टिटवीनं कधी काही आत घेतलं नव्हतं, म्हणून तिला पाटी आणायलाही सगळ्यांपेक्षा उशीर लागला. शेवटच्या गुरुवारीही तिच्यासमोर कुणी नव्हतं. एकशे पंच्याऐंशी मशीनमध्ये नवा आवाज न गेलेलं ते एकच मशीन होतं. मी "नको" म्हणत राहिले, म्हणून तू तेवढ्या एका ठिकाणी उरली होतीस.

आज विचारलं मी होतं, ताई. बोललीस तू.

मी खुर्ची ओढून बसले. बाहेर बाभूळ होती, फोटोतल्यासारखी. दहा मिनिटं होती हातात. काही केलं नसतं तर पाटी मिटली असती, पुढच्या गुरुवारी तू पुन्हा आली असतीस, त्याच्या पुढच्याही. तुला दारात उभं ठेवणं मला सवयीचंच आहे. मामा मागं उभे होते. एकदाच म्हणाले, "राहू द्या की, बाई. एक मशीन."

मी मावशींसारखी वाट पाहिली. तुझे ते चार शब्द पुन्हा वाचले. मग जे दोन वर्षांपूर्वी, तू माझ्या टेबलाशी थांबलीस तेव्हा, तोंडानं म्हणायला हवं होतं, ते बोटानं म्हटलं.

या.

पाटी मिटली. तुझ्या खोलीत परत येऊन पाहिलं, टिटवीची चौकट बराच वेळ पिवळी होती, दोन वर्षांचं सगळं आत जात होतं. मग हिरवी झाली. आवाजाची फाइल मी उघडून पाहिली. माझीच होती.